शेख दीन मोहम्मद

शेख दीन मोहम्मद (इ.स. १७५९, पाटणा – २४ फेब्रुवारी, इ.स. १८५१, ब्रायटन) हे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले भारतीय प्रवासलेखक, व्यावसायिक व मर्दनतज्ज्ञ होते. अंग चेपण्याची भारतीय पद्धत आणि औषधी बाष्पस्नान यांची सांगड घालून त्यांनी तेथे एक उपचारपद्धती लोकप्रिय केली. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारे ते पहिले भारतीय लेखक मानले जातात.

पूर्वायुष्य

दीन मोहम्मद यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात होते. त्यांच्या मृत्यूनंतर लहानग्या दीन यांना गॉडफ्रे बेकर या अधिकाऱ्याचा आश्रय मिळाला. सैन्यात ते सुभेदारपदापर्यंत पोहोचले. इ.स. १७८४ मध्ये ते बेकर यांच्यासोबत आयर्लंडमधील कॉर्क येथे गेले. इ.स. १७८६ मध्ये त्यांनी जेन डेली यांच्याशी विवाह केला. त्यांचे पत्ररूप प्रवासवर्णन इ.स. १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

लंडनमधील व्यवसाय

लंडनमध्ये त्यांनी बेसिल कॉक्रेन यांच्या बाष्पस्नानगृहात काम केले. इ.स. १८१० मध्ये त्यांनी जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' हे भारतीय भोजनगृह उघडले. मात्र दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले.

ब्रायटन व मर्दनोपचार

इ.स. १८१४ मध्ये ते ब्रायटन येथे गेले आणि तेथे त्यांचा जम बसला. रुग्णाला प्रथम वनौषधीयुक्त वाफ दिली जाई. घाम आल्यावर तो फ्लॅनेलच्या तंबूत बसे. तंबूला शिवलेल्या बाह्यांतून हात आत घालून मर्दन करणारा बाहेरूनच त्याचे अंग चेपत असे. संधिवात, आखडलेले सांधे आणि पक्षाघाताचे रुग्ण येथे येत. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांनी त्यांना आपले मर्दन-शल्यचिकित्सक नेमले. या उपचारांवरील त्यांचे पुस्तक इ.स. १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

'शॅम्पू' हा इंग्रजी शब्द 'चाँपना' (चेपणे) या हिंदी क्रियापदापासून आला असून त्या काळी त्याचा अर्थ मर्दन असा होता. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर प्राप्त झाला.

जन्मवर्षाचा प्रश्न

या पुस्तकात त्यांनी आपले जन्मवर्ष दहा वर्षे मागे नेले आणि सैन्यात जाण्यापूर्वी वैद्यकीय शिक्षण घेतल्याचे म्हटले. हा दावा त्यांच्याच आधीच्या प्रवासवर्णनाशी जुळत नसल्याने अभ्यासक तो ग्राह्य धरत नाहीत. तरीही थडग्यावर त्यांचे वय १०१ वर्षे असे कोरलेले आहे.

अखेरचे दिवस व वारसा

भांडवल पुरवणाऱ्या भागीदाराच्या निधनानंतर इ.स. १८४१ मध्ये स्नानगृह लिलावात निघाले. ते विकत घेणे मोहम्मद यांना शक्य झाले नाही. त्यानंतर त्यांनी लहान जागेत व्यवसाय चालू ठेवला. ब्रायटन येथील सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यांचे नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद हे उच्च रक्तदाबावरील संशोधनासाठी ओळखले जातात. कॉफी हाऊसच्या स्मरणार्थ लंडनमध्ये इ.स. २००५ मध्ये नामफलक बसवण्यात आला.