चिंध्या पांघरणारा बाबा अन् गोदाकाठची धर्मशाळा

नाशिकला रामकुंडावर दशक्रियेला, नाहीतर कुंभमेळ्याला गेलेल्या आपल्या तालुक्यातल्या माणसाला गाडगे महाराज पूल ठाऊक असतोच. गोदाघाटावरची गाडगे महाराजांची धर्मशाळाही ठाऊक असते. पण ती ज्याने उभी केली तो माणूस आज आपल्या दारात आला असता, तर आपण त्याला ओट्यावर तरी बसू दिलं असतं का?

अंगात ठिगळं लावलेल्या चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं. तेच खायचं भांडं, तेच प्यायचं. गावात शिरले की कुणाशी न बोलता झाडायला लागायचे. लोकांना वाटायचं, कुणी वेडा आलाय. पोरं मागे लागायची. भाकरी मागितली की बाया हाकलायच्या, काही काम सांगायच्या. बाबा ते काम करून मगच भाकरी घ्यायचे. रात्री कीर्तन सुरू झालं की सकाळी हाकलणारेच पुढे बसलेले असायचे.

त्यांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट कुटुंबात जन्म. दारूपायी वडील लवकर गेले. आई पोराला घेऊन माहेरी दापुरीला आली. तिथे डेबूजी मामाच्या शेतात राबले. गुरं राखली, नांगर धरला. अक्षरओळख नव्हती. मामाही तसाच भोळा. गोड बोलणाऱ्या सावकाराच्या कागदावर अंगठा दिला आणि जमीन हातची गेली. सावकार मात्र गावात प्रतिष्ठित! हे डेबूजींनी डोळ्याने पाहिलं. पुढे कीर्तनात कर्ज काढून सण-लग्न करू नका, दारू पिऊ नका, पोरं शाळेत घाला, हेच ते लोकांना प्रश्न विचारत विचारत सांगत राहिले. आपल्या भागात आज लग्नाला किती कर्ज निघतं, ते वेगळं सांगायला नको.

१९०५ साली बायको-पोरं मागे ठेवून घर सोडलं. घरच्यांच्या वाट्याला काय आलं असेल, याचा विचार मला कायम अस्वस्थ करतो.

मग नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या. लोकांनी लाखो रुपये दिले, पण अंगावरची चिंधी बदलली नाही की पैशाला हात लागला नाही. सगळं ट्रस्टच्या नावे. पाया पडू द्यायचे नाहीत, कुणी वाकलाच तर काठी उगारायचे. शिष्य केला नाही. पंढरीला वारीत जायचे ते वाळवंट झाडायला. तिथली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पोरांच्या शिक्षणाला ती कामी येईल, एवढाच हिशेब.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला या निरक्षर माणसाचं नाव आहे.

गोदाघाटावर गेलात तर धर्मशाळेकडे एक चक्कर मारा. अन् जाताना घाटावर प्लॅस्टिक टाकू नका.