घरच्या ओतशाळेतले इंजिन

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी घरी आगगाडी तयार केली आहे? काड्यापेट्यांचे डबे, बाटलीच्या झाकणांची चाके आणि दोऱ्याची जोडणी, अशी गाडी बहुतेकांनी केलेली असेल. जोगेश्वरी स्टेशनच्या पुलावर उभे राहून तुम्ही लांबपल्ल्याच्या गाड्यांचे डबे मोजले असतील. एखाद्या वेळी मालगाडीही पाहिली असेल. मग घरी येऊन तशीच गाडी करण्याचा प्रयत्न केला असेल.

काही माणसे मोठेपणीही हा छंद जोपासतात. ती खऱ्या वाघिणीची लांबी, रुंदी आणि उंची मिळवतात आणि प्रत्येक मापाला ८७ ने भागतात. सुमारे पावणेअकरा मीटर लांबीची वाघीण अशा रीतीने साडेबारा सेंटिमीटरहूनही लहान होते. एक मीटर व्यासाचे चाक साडेअकरा मिलिमीटरचे होते. पुण्यात कोथरूडला छोट्या आगगाड्यांचे एक संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तेथे अशा गाड्या सिग्नल पाहून धावतात आणि थांबतात.

कोणी म्हणेल, हा खेळ झाला. यातून काय मिळते? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण सुमारे दोनशे वर्षे मागे जाऊ. त्या वेळी हिंदुस्थानात प्रवासी आगगाडी सुरू झालेली नव्हती. मुंबईच्या माझगावात एक पारशी तरुण आपल्या घरी वाफेचे एक लहानसे इंजिन तयार करत होता. त्याचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. कर्सेटजी हे त्यांच्या वडिलांचे नाव. वाडिया घराणे मूळचे सुरतेचे. या घराण्यातले लवजी नसरवानजी हे कुशल जहाजबांधणी करणारे होते. इंग्रजांनी १७३६ साली त्यांना सुरतेहून मुंबईला आणले. तेव्हापासून मुंबईच्या गोदीत जहाजे बांधण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या याच घराण्याकडे राहिले. सागवानी लाकडाची त्यांची जहाजे फार टिकाऊ असत. १८१७ साली त्यांनी मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. ते पाण्यात सोडले गेले तेव्हा अर्देशीर नऊ वर्षांचे होते.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ साली, अर्देशीर गोदीत काम शिकू लागले. घरातल्या इतर मुलांप्रमाणे त्यांनीही लाकूड ओळखावे, फळ्या जोडाव्यात आणि पुढे शिडाची जहाजे बांधावीत, असे सर्वांना वाटत होते. पण त्यांचे मन यंत्रांकडे ओढ घेत होते.

त्या काळी समुद्रावर एक मोठा बदल होत होता. शिडाचे जहाज वाऱ्यावर अवलंबून असते. वारा पडला की जहाज थांबते. वाऱ्याची दिशा फिरली की त्याला वाट बदलावी लागते. वाफेवर चालणाऱ्या आगबोटीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. १८२९ साली मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली गेली. १८३० साली ती मुंबईहून निघून तांबड्या समुद्रातून सुएझला पोहोचली. तिचे लाकडी अंग मुंबईत तयार झाले होते, पण इंजिने इंग्लंडहून आली होती.

मुलांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. जहाज बांधणारे हात मुंबईचे होते, पण ते चालवणारे यंत्र परदेशातून येत होते. ते बिघडले तर दुरुस्त करायलाही परदेशी माणूस लागत असे. पुढे सगळीच जहाजे वाफेवर चालू लागली तर येथल्या कारागिरांनी काय करायचे? वाडिया घराण्याच्या शंभर वर्षांच्या विद्येचे काय व्हायचे? हा प्रश्न अर्देशीर यांच्यासमोर उभा होता. इंजिनाची विद्या आपल्या हातात आली पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

पण ही विद्या शिकायची कोठे? त्या वेळी मुंबईत इंजिनिअरिंगचे कॉलेज नव्हते. अर्देशीर यांनी आपल्या घरीच एक लहान ओतशाळा उभारली. ओतशाळा म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याची जागा. तेथे काम करणारे सगळे कारागीर येथलेच होते. कारखाना, कारागीर हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. हुन्नर हा मराठी शब्द तर तुमच्या हुनरचाच सख्खा भाऊ आहे. हातातल्या हुन्नराला भाषेची अडचण येत नाही, हे या ओतशाळेत दिसून आले.

येथे अर्देशीर यांनी एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन तयार केले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. आज एखाद्या लहान इमारतीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप साधारण एवढ्याच शक्तीचा असतो. आपल्याला तो बाजारात विकत मिळतो. अर्देशीर यांना मात्र सर्व काही हाताने घडवावे लागले.

वाफेचे इंजिन कसे चालते, ते थोडक्यात पाहू. बंद भांड्यात पाणी तापवले की त्याची वाफ होते. पाण्यापेक्षा वाफेला फार जास्त जागा लागते, म्हणून ती बाहेर पडण्यासाठी जोर करते. ही वाफ एका नळकांड्यात सोडतात. नळकांड्यात एक दट्ट्या असतो. वाफ त्याला ढकलते. दट्ट्या एका टोकाला पोहोचला की झडप फिरते आणि त्याला उलट ढकलले जाते. अशा रीतीने दट्ट्या मागे-पुढे होत राहतो. त्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो.

वाचताना हे सोपे वाटते. पण दट्ट्या नळकांड्यात अगदी चपखल बसावा लागतो. तो सैल असेल, तर वाफ बाजूने निसटते आणि जोर वाया जातो. तो घट्ट असेल, तर हलतच नाही. झडप क्षणभर आधी किंवा नंतर उघडली तरी इंजिन अडखळते. भांड्याचा एखादा सांधा कच्चा राहिला, तर वाफेच्या दाबाने तो फुटण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक भाग ओतायचा, कानशीने घासायचा, बसवून पाहायचा आणि पुन्हा काढून घासायचा. इंजिन लहान असले म्हणून यातले एकही काम टळत नाही. मोठ्या इंजिनात जे जे भाग असतात, ते ते सर्व लहान इंजिनातही असावे लागतात.

अर्देशीर यांचे इंजिन चालू झाले. ते विहिरीतले पाणी उपसून एका कारंज्याला पुरवू लागले. कारंजे उडवणे हे काही फार मोठे काम नव्हते. पण ते उडवताना अर्देशीर यांना जी विद्या मिळाली, ती मोठी होती. इंजिन कोठे अडते, का अडते आणि ते पुन्हा कसे चालू करायचे, हे आता त्यांच्या बोटांना माहीत झाले होते.

याचा उपयोग लवकरच झाला. १८३३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी 'इंडस' नावाचे साठ टनांचे एक लहान जहाज बांधले आणि त्याला वाफेचे इंजिन बसवले. पुढच्याच वर्षी त्यांनी माझगावात आणखी एक नवल घडवून आणले. त्या वेळी लोकांच्या घरी तेलाचे दिवे किंवा मेणबत्त्या जळत असत. अर्देशीर यांनी गॅस तयार करण्याची सोय केली, नळ टाकले आणि आपला बंगला व बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः हे दिवे पाहायला आले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला यानंतर सुमारे तीस वर्षे लागली.

एवढे यश मिळाल्यावर एखादा माणूस समाधान मानून बसला असता. अर्देशीर यांना मात्र आपल्या ज्ञानातल्या उणिवा दिसत होत्या. १८३९ साली ते इंग्लंडला गेले. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. सुएझपर्यंत जहाजाने जायचे, तेथून इजिप्तची भूमी ओलांडायची आणि पुन्हा जहाजात बसायचे, असा तो प्रवास होता. आपल्या प्रवासाची दैनंदिनी त्यांनी इंग्रजीत लिहिली. ती १८४० साली लंडनमध्ये छापली गेली. इंग्लंडमध्ये त्यांनी आगबोटींच्या इंजिनांचा अभ्यास केला. तेथल्या मोठ्या इंजिनिअरांशी आणि शास्त्रज्ञांशी त्यांची ओळख झाली. मुंबईच्या या तरुणाने घरच्या ओतशाळेत काय काय केले आहे, हे कळल्यावर त्यांना कौतुक वाटले.

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी अर्देशीर यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनिअर नेमले. १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी हे पद स्वीकारले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. या कारखान्यात त्यांच्या हाताखाली युरोपियन फोरमन आणि इंजिनिअर काम करणार होते. त्या काळी हिंदी माणसाने युरोपियनांच्या हाताखाली काम करावे, हीच रीत होती. येथे ती उलट झाली. अनेकांना हे रुचले नाही. मुंबईतल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने तर या नेमणुकीवर उघड टीका केली. हिंदी माणसाला हे काम झेपणार नाही, असा त्या टीकेचा रोख होता.

अर्देशीर यांनी त्याला कामातून उत्तर दिले. ते या पदावर १८५७ सालापर्यंत, म्हणजे सोळा वर्षे राहिले. या काळात कारखान्यात आगबोटींची इंजिने येत, उघडली जात आणि दुरुस्त होऊन परत समुद्रावर जात. जे इंजिन आपण स्वतः कधी घडवले आहे, त्याच्याविषयी हाताखालचा माणूस आपल्याला फसवू शकत नाही. लहान इंजिनावर घालवलेले दिवस येथे कामी आले.

नेमणुकीनंतर दोनच महिन्यांत, २७ मे १८४१ रोजी, अर्देशीर यांना आणखी एक मान मिळाला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य निवडले. १६६० साली स्थापन झालेली ही शास्त्रज्ञांची संस्था जगात फार प्रतिष्ठेची मानली जाते. थोर शास्त्रज्ञ न्यूटन एकेकाळी तिचे अध्यक्ष होते. हा मान मिळवणारे अर्देशीर हे पहिले भारतीय. दुसऱ्या भारतीयाला तो मिळायला सत्त्याहत्तर वर्षे लागली. ते दुसरे भारतीय म्हणजे गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन. त्यांची निवड १९१८ साली झाली.

मोठे पद मिळाले तरी अर्देशीर यांनी घरची ओतशाळा बंद केली नाही. १८४९ साली ते अमेरिकेला गेले आणि लाकूड कापण्याची नवी यंत्रे मुंबईच्या गोदीसाठी घेऊन आले. १८५१ साली त्यांनी 'लवजी फॅमिली' नावाची आगबोट पाण्यात सोडली. आपल्या पूर्वजाचे नाव तिला दिले होते. तिचे भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेतच तयार झाले होते. ज्या जागी कधी काळी कारंज्याचे इंजिन झाले, तेथपासून काम आगबोटीपर्यंत पोहोचले होते. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा देण्याची कला, या गोष्टीही मुंबईत आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

गोदीतली नोकरी सोडल्यावर ते इंग्लंडला गेले. १८६१ साली परत येऊन त्यांनी सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवर चालणाऱ्या आगबोटींच्या कारखान्याची जबाबदारी घेतली. ती कंपनी बंद झाल्यावर ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंड येथे त्यांचे निधन झाले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलांनो, अर्देशीर यांचे माझगाव तुमच्यापासून फार दूर नाही. जोगेश्वरीहून हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी गाडी वाटेत डॉकयार्ड रोडला थांबते. हेच माझगावचे स्टेशन. तेथे जवळच माझगाव डॉक आहे आणि आजही तेथे मोठमोठ्या युद्धनौका बांधल्या जातात.

आता पुन्हा तुमच्या काड्यापेट्यांच्या गाडीकडे वळू. पुढची गाडी करताना एक करून पाहा. अंदाजाने पुठ्ठा कापू नका. खऱ्या डब्याची मापे मिळवा, त्यांना ८७ ने भागा आणि उत्तर वहीत लिहा. मग पट्टी ठेवून रेघ मारा आणि रेघेवरच कापा. चाके एका रेषेत आहेत का, ते तपासा. डबा सरळ धावला नाही, तर तो का धावला नाही हे शोधा आणि ते चाक काढून पुन्हा बसवा. कदाचित तीन-चार वेळा बसवावे लागेल. खेळण्यावर इतका वेळ का घालवता, असे कोणी विचारले, तर त्यांना माझगावच्या कारंज्याची गोष्ट सांगा.