पुरंदरचे मुरारबाजी आणि एका धनुष्याची दोरी

स्वराज्याच्या इतिहासात तलवारीने गाजलेली नावे पुष्कळ आहेत. मुरारबाजी देशपांडे यांचे नाव त्यांत अग्रभागी येते. पुरंदरच्या वेढ्यात मोजक्या मावळ्यांनिशी त्यांनी दिलेरखानाच्या फौजेवर घातलेली झडप मराठी माणसाच्या स्मरणातून कधीच गेली नाही. त्या पराक्रमाचा शेवट मात्र एका बाणाने झाला. तोफा आणि बंदुका रुळलेल्या काळात एका मोगल सरदाराने धनुष्य उचलावे आणि त्या एका बाणाने गडाचा सेनानी पडावा, ही घटना वरवर आकस्मिक वाटते. परंतु धनुष्य आयत्या वेळी हाती घेऊन चालणारे शस्त्र नव्हते. ते आणि त्याची दोरी रोजच्या रोज राखावी लागे. मुरारबाजींच्या चरित्रातील अखेरचा प्रसंग समजून घ्यायचा तर ही निगाही समजून घ्यावी लागते.

जावळीच्या मुलखातील वीर

महाड तालुक्यातील किंजळोली हे मुरारबाजींचे गाव मानले जाते. सध्या रायगड जिल्ह्यात असलेला महाड-पोलादपूरचा हा पट्टा सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जावळीच्या मोऱ्यांच्या वर्चस्वाखाली होता. एका बाजूस सावित्रीचे खोरे, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीची उभी भिंत आणि मधून देशावर चढणाऱ्या घाटवाटा, असा हा दुर्गम प्रदेश. मोरे घराण्याचा प्रमुख चंद्रराव या किताबाने ओळखला जाई. मुरारबाजी याच मोऱ्यांच्या पदरी होते.

जानेवारी १६५६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. त्या लढाईत मुरारबाजी मोऱ्यांच्या बाजूने निकराने लढले आणि त्यांचे शौर्य पाहून महाराजांनी त्यांना आपल्या सेवेत घेतले, असे परंपरा सांगते. शत्रूकडील गुणी माणूस हेरून त्याला स्वराज्याच्या कामी लावण्याचे महाराजांचे धोरण प्रसिद्धच आहे. मुरारबाजींनी पुढे हा विश्वास प्राणपणाने सार्थ केला.

पावसाचा मुलूख आणि शिकाऱ्याची दोरी

मुरारबाजींचा हा मुलूख मुसळधार पावसाचा. महाड-पोलादपूर परिसरात दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे अशाच पावसात डोंगराचा कडा वस्तीवर आला आणि कुटुंबेच्या कुटुंबे त्याखाली गाडली गेली. पावसाळ्याचे चार महिने येथे घरातील सुंभाची दोरीदेखील सादळते. अशा हवेत धनुष्याची दोरी ताठ आणि कोरडी ठेवणे हे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना करता येते.

दोरी कशाची करावी, याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळापासून झालेला आहे. मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या तंतूंवरूनच प्रत्यंचेला संस्कृतात मौर्वी हे नाव मिळाले. धनुर्विद्येवरील जुन्या संस्कृत ग्रंथांत रेशमी सुताची, करंगळीएवढी जाड आणि सर्वत्र सारखी दोरी उत्तम सांगितली आहे. रेशीम नसेल तर जनावराचे स्नायू, बांबूची साल किंवा भाद्रपदात काढलेली रुईची साल हे पर्यायही तेथे येतात. खानदेश आणि सातपुड्यातील भिल्लांनी धनुष्य बांबूचे आणि दोरी बांबूच्याच चिवट सालीची, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालवली. स्नायूची दोरी ओलसर हवेत सैल पडते. बांबूची साल त्या मानाने टिकाव धरते आणि रानातच मिळत असल्याने तुटली तरी बदलता येते.

रणांगण आणि रान यांत दोरीच्या आवाजाबाबत मोठा फरक आहे. पुराणकथांतील वीर शत्रूच्या मनात धडकी भरावी म्हणून धनुष्याचा टणत्कार करतात. शिकाऱ्याला मात्र हाच आवाज नको असतो. धनुष्यातून सुटलेला बाण साधारणपणे सेकंदाला पन्नास मीटर वेगाने जातो, तर आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तीस मीटरवर उभ्या असलेल्या हरणापर्यंत दोरीचा आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शातच पोहोचतो आणि बाण त्यानंतर जवळजवळ अर्ध्या सेकंदाने. सावध जनावराला अंग चोरण्यास किंवा उडी घेण्यास तेवढा वेळ पुरतो.

बाण सुटल्यावर काठीतील जी शक्ती बाणाबरोबर जात नाही, ती दोरीच्या थरथरीत आणि आवाजात उरते. बाण वजनदार असेल तर तो अधिक शक्ती घेऊन जातो आणि दोरी कमी वाजते. मेण लावल्याने दोरीचे पदर एकमेकांना चिकटून राहतात; पिंजलेली दोरी जास्त गुणगुणते. टोकांपासून थोड्या अंतरावर लोकरीचा किंवा केसाळ कातड्याचा झुबका बांधला की थरथर लवकर विरते. दोरी जेथे काठीवर आपटते तेथे चामड्याचा तुकडा चिकटवला की आघाताचा आवाज दबतो. सध्याच्या क्रॉसबोवर रबराचे तुकडे लावतात, ते याच कामासाठी.

पुरंदरची जबाबदारी

औरंगजेबाने पाठवलेले मिर्झाराजे जयसिंग १६६५ च्या प्रारंभी मोठ्या फौजेसह दक्षिणेत आले. त्यांच्यासोबत दिलेरखान हा पठाण सरदार होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिर्झाराजे पुण्यात पोहोचले आणि महिनाअखेरीस पुरंदरला वेढा पडला. या बळकट गडाच्या रक्षणाची धुरा मुरारबाजींकडे होती. सभासद बखरीनुसार त्यांच्या हाताखाली एक हजार माणूस होते आणि गडावरील मूळ शिबंदी आणखी एक हजाराची.

पुरंदराला लागूनच वज्रगड आहे. दिलेरखानाने आधी त्यावर तोफांचा मारा केला आणि १४ एप्रिल रोजी तो घेतला. वज्रगड गेल्यामुळे पुरंदरची माची तोफांच्या टप्प्यात आली. वेढ्याला घाई होती, कारण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तोफा ओढणे, दारू कोरडी ठेवणे आणि छावणी राखणे हे सर्वच अवघड होणार होते. गडावरील लोकांना पाऊस येईपर्यंत तग धरायचा होता. खालच्या फौजेला त्याआधी गड हवा होता.

मोगली धनुष्याची निगा

मोगल सरदार बंदूक बाळगत असले तरी धनुष्य हे त्यांच्या प्रतिष्ठेचे शस्त्र होते. शिवाजी महाराजांच्या पायदळातही बंदुकी, विटेकरी आणि पटाईत यांच्या जोडीने तिरंदाज असत. परंतु मोगली धनुष्याची घडण निराळी होती. मध्ये लाकूड, तिरंदाजाकडील बाजूस शिंगाची पट्टी आणि बाहेरील बाजूस जनावराच्या स्नायूंचे थर, हे सर्व प्राणिज सरसाने जोडलेले. एकेक थर सुकवीत असे धनुष्य तयार होण्यास अनेक महिने लागत. आकाराने लहान असूनही त्याची ताकद मोठी होती आणि घोड्यावरून ते सहज वापरता येई.

ओल हा या धनुष्याचा सर्वांत मोठा शत्रू. दमट हवेत सरस मऊ पडतो, स्नायू ढिले होतात आणि काठीचा जोर कमी होतो. त्यामुळे काम नसताना दोरी उतरवून ठेवावी लागे. दोरी उतरवली की धनुष्य उलट्या बाजूस वळे. पुन्हा दोरी चढवण्यास बळ आणि कसब दोन्ही लागे. अनेकदा काठी आधी मंद उबेवर शेकावी लागे.

दोरी बहुधा रेशमाची असे. अनेक पदर समान ताणाने एकत्र घेऊन ती करत. एक पदर ढिला राहिला तर इतरांवर भार पडून दोरी तुटण्याचा धोका असे. मध्यभागी, जेथे बाणाची खाच बसते आणि अंगठ्यातील कडे घासते, तेथे दोऱ्याचे घट्ट वेढे देत. हे वेढे झिजले की मूळ दोरीला धोका पोहोचण्याआधीच बदलावे लागत. मेण लावून दोरीला ओलीपासून जपत. सरावातही बाण न लावता ताणलेली दोरी सोडू नये, हा सर्वत्र पाळला जाणारा नियम. कारण तसे केल्यास सारा आघात काठीवर येऊन ती फुटू शकते. इतके सांभाळल्यावरच धनुष्य ऐन वेळी कामास येई. मे महिन्यातील देशावरची कोरडी हवा अशा धनुष्याला पावसाळ्यापेक्षा खचितच अनुकूल होती.

सातशे मावळ्यांची झडप

मुरारबाजींच्या अखेरच्या लढाईचा दिवस १६ मे १६६५ हा मानला जातो. पठाणांची फौज गडाला भिडली होती. तटाआड राहून मार सोसण्यापेक्षा शत्रूच्या मुख्य सरदारावरच चालून जाण्याचा निर्णय मुरारबाजींनी घेतला. सभासदाच्या वर्णनानुसार त्यांनी निवडक सातशे माणूस घेतले आणि ते दिलेरखानावर तुटून पडले. खानाजवळ पाच हजार पठाण होते, शिवाय बहेलिये होते. बहेलिये ही मूळची उत्तरेकडील पारध्यांची जमात. मोगलांच्या पायदळात त्यांची भरती होत असे.

हातघाईची लढाई झाली. पाचशे पठाण पडले. मुरारबाजी साठ माणसांनिशी थेट खानाच्या गोटाच्या दारापर्यंत पोहोचले. त्यांची मर्दुमकी पाहून दिलेरखानाने त्यांना कौल देऊ केला आणि शरण आल्यास मोठी सरदारी देण्याची तयारी दाखवली. मुरारबाजींनी तो कौल झिडकारला. आपण शिवाजी महाराजांचे शिपाई आहोत, खानाचा कौल घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन ते खानावर धावले. नऊ वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध लढले त्या राजासाठी त्यांनी जीवदानही नाकारले. तलवारीच्या टप्प्यात येण्यापूर्वीच दिलेरखानाने स्वतःच्या हाताने बाण सोडला आणि मुरारबाजी कोसळले. त्यांच्याबरोबर तीनशे मावळे कामी आले.

बाणानंतरही झुंज

प्रमुख पडला म्हणजे फौज मोडते, असा त्या काळातील लढायांचा सर्वसाधारण अनुभव. पुरंदरावर तसे झाले नाही. उरलेले मावळे गडात परतले आणि त्यांनी झुंज चालूच ठेवली. गड घेतल्याशिवाय डोईला पगडी घालणार नाही, अशी प्रतिज्ञा दिलेरखानाने केल्याचे सभासदाने नोंदवले आहे. अखेर पुरंदर मोगलांकडे गेला तो तहाने. जून १६६५ मध्ये झालेल्या या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला व बारा किल्ले स्वतःकडे राखले.

पाच वर्षेही लोटली नाहीत तोच, मार्च १६७० मध्ये निळोपंतांनी पुरंदर परत स्वराज्यात आणला. दिलेरखान पुढेही दक्षिणेच्या राजकारणात वावरला आणि १६८३ मध्ये त्याचा मृत्यू झाला. शिंग आणि स्नायूंची ती धनुष्ये पुढे मागे पडली. जी उरली ती संग्रहालयांत, बहुतेक दोरीविना. पुरंदरावर मुरारबाजींचा पुतळा आहे. ज्या माचीसाठी ते लढले, ती तेथून जवळच आहे.