परक्या मुलखातून आले, बिअरचे बादशहा झाले; ९५ वर्षांनी कारखाना गेला परदेशी कंपनीकडे

अमेरिकेच्या सेंट लुईस शहरात १३ जुलै २००८ च्या रविवारी एका कारखान्याचं भवितव्य ठरलं. अनहायझर-बुश या बिअर कंपनीच्या संचालक मंडळानं बेल्जियमच्या इनबेव्ह कंपनीचा प्रस्ताव मान्य केला. एका शेअरला ७० डॉलर, एकूण सौदा सुमारे ५२ अब्ज डॉलरचा. त्या वेळच्या दरानं दोन लाख कोटी रुपयांहून जास्त. बडवायझर ही अमेरिकेची ओळख मानली जाणारी बिअर त्या दिवशी परदेशी मालकाकडे जायचं नक्की झालं.

सेंट लुईसमध्ये लोक हळहळले. आपलं काहीतरी परक्यानं नेलं, अशी भावना होती. पण गंमत अशी, की हे साम्राज्य ज्यांनी उभं केलं ते अडॉल्फस बुश स्वतः परदेशातूनच आले होते. आणि कारखान्यात त्यांचा पहिला हिस्साही दुसऱ्याकडून विकत घेतलेलाच होता.

बाविसातलं एकविसावं लेकरू

अडॉल्फस यांचा जन्म १० जुलै १८३९ चा. गाव जर्मनीतलं कास्टेल, ऱ्हाइन नदीच्या काठी, माइंझ शहराच्या समोर. वडील व्यापारी माणूस. वाइनचा आणि बिअर कारखान्यांना लागणाऱ्या मालाचा धंदा. घर खाऊनपिऊन सुखी, पण भावंडं तब्बल बावीस. त्यात अडॉल्फस एकविसावे. एवढ्या वाटेकऱ्यांत आपल्या हाती काय लागणार, हे पोराला लवकरच कळलं असणार. शिक्षण बेल्जियममध्ये, ब्रसेल्स शहरात झालं.

वयाच्या अठराव्या वर्षी, १८५७ मध्ये, त्यांनी अमेरिका गाठली. मिसिसिपी नदीकाठचं सेंट लुईस तेव्हा झपाट्यानं वाढत होतं. जर्मनीतून आलेली हजारो कुटुंबं तिथं राहत होती आणि त्यांना आपल्या गावाकडची बिअर हवी होती. अडॉल्फस यांनी सुरुवातीला नदीकाठच्या पेढीवर कारकुनी केली. पुढं वडील वारले, वाटणीचे थोडे पैसे आले. ते उडवले नाहीत. एका भागीदाराला सोबत घेऊन बिअर कारखान्यांना माल पुरवायचं दुकान टाकलं.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एबरहार्ड अनहायझर नावाचे गृहस्थ होते. धंदा साबणाचा. बव्हेरियन ब्रुअरी नावाच्या एका बुडीत बिअर कारखान्याला त्यांनी कर्ज दिलं होतं. कर्ज वसूल होईना, म्हणून १८६० मध्ये कारखानाच त्यांच्या गळ्यात पडला. साबणवाल्याला बिअर काय कळणार? कारखाना कसाबसा चालला होता.

७ मार्च १८६१ रोजी अडॉल्फस यांचं लग्न अनहायझर यांची मुलगी लिली हिच्याशी झालं. त्याच मांडवात अडॉल्फस यांचे भाऊ उलरिक यांचं लग्न लिलीची बहीण ॲना हिच्याशी लागलं. दोन भाऊ, दोन बहिणी. काही वर्षांत अडॉल्फस सासऱ्यांच्या कारखान्यात कामाला लागले. १८६९ मध्ये सासऱ्यांच्या भागीदाराचा अर्धा हिस्सा त्यांनी विकत घेतला. जावई आता मालक झाला होता.

१८७९ मध्ये कंपनीचं नाव अनहायझर-बुश झालं. पुढच्याच वर्षी सासरे वारले आणि सगळा कारभार अडॉल्फस यांच्या हाती आला.

दुखणं एकच: माल टिकत नाही

दूध धंदा करणाऱ्याला अडॉल्फस यांची अडचण लगेच कळेल. बिअर सातूपासून बनते. सातू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, उकळून रस काढायचा, हॉप्सची कडवट फुलं घालायची आणि यीस्ट टाकून आंबवायचं. जर्मन पद्धतीची बिअर मग कित्येक आठवडे थंडाव्यात ठेवावी लागते. सेंट लुईसमध्ये जमिनीखाली चुनखडीच्या नैसर्गिक गुहा होत्या. कारखानदार त्यात नदीवरचा बर्फ भरून बिअर ठेवत. पण एकदा पिंप बाहेर काढलं आणि ऊन लागलं की माल आंबट. त्यामुळं बिअर गावातल्या गावातच खपायची. शंभर मैलांवर पाठवायची सोय नव्हती.

अडॉल्फस यांनी या दुखण्यावर दोन बाजूंनी इलाज केला.

पहिला इलाज पाश्चरायझेशनचा. आज दुधाच्या पिशवीवर हा शब्द सगळेच वाचतात. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी दाखवलं होतं, की ठरावीक गरमी दिली की नासवणारे जंतू मरतात. १८७० च्या दशकात अडॉल्फस यांनी ही पद्धत बाटलीतल्या बिअरला लावली. अमेरिकेत हे करणाऱ्या पहिल्या कारखानदारांत त्यांचं नाव येतं. बाटली आता आठवडेच्या आठवडे टिकू लागली.

दुसरा इलाज रेल्वेचा. त्यांनी बर्फानं थंड ठेवलेले डबे वापरात आणले आणि रेल्वेमार्गावर जागोजागी बर्फाची कोठारं बांधली. गाडी थांबली की वितळलेल्या बर्फाच्या जागी नवा बर्फ भरायचा आणि गाडी पुढं. असं करत सेंट लुईसची बिअर टेक्सासच्या उन्हात थंडगार पोचली. पुढं डबे बनवणारी कंपनी, रेल्वेचा फाटा, कोळशाच्या खाणी, बर्फाचा कारखाना, बाटल्यांचा कारखाना, सगळं त्यांनी स्वतःचंच केलं. दुसऱ्यावर अवलंबून राहायचं नाही, हा खाक्या.

नव्या यंत्राचीही त्यांना भारी हौस. विहिरीवर धडधडणारं डिझेल इंजिन आपल्या पाहण्यातलं. ते रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीत बनवलं आणि अमेरिकेत ते बनवायचे हक्क १८९७ मध्ये अडॉल्फस यांनी घेतले, तेही दहा लाख मार्क मोजून. अमेरिकेत बनलेलं पहिलं डिझेल इंजिन १८९८ मध्ये त्यांच्याच कारखान्यात बसलं.

नाव दुसऱ्या गावाचं, भांडण शंभर वर्षांचं

बडवायझर हे नाव आलं १८७६ मध्ये. कार्ल कॉनराड हे अडॉल्फस यांचे मित्र, मद्याचे व्यापारी. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, बुडवाइस नावाचं गाव आहे. तिथल्या धर्तीवर फिकट, हलकी बिअर बनवायची ठरली. सातूच्या जोडीला तांदूळही वापरला. बिअर अडॉल्फस यांच्या कारखान्यात बनायची, नाव मात्र कॉनराड यांच्या मालकीचं होतं. १८८३ मध्ये कॉनराड यांचं दिवाळं निघालं आणि ते नाव अनहायझर-बुशकडे आलं.

त्या मूळ गावातल्या कारखान्यानं पुढं या नावावर हक्क सांगितला. ते भांडण शंभर वर्षांहून जास्त चाललं. युरोपातल्या कित्येक देशांत अमेरिकन कंपनीला नुसतं बड या नावानं माल विकावा लागतो. अमेरिकेची म्हणून जी बिअर मिरवली गेली, तिचा मालक जर्मन आणि नाव बोहेमियाचं, असा हा मामला.

जाहिरातीत मात्र अडॉल्फस यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोकांना ते चाकू भेट देत. चाकूच्या मुठीत बारीक भोक, डोळा लावून पाहिलं की आत अडॉल्फस यांचा फोटो. दारूच्या गुत्त्यांत लावायला त्यांनी लढाईच्या चित्राच्या हजारो प्रती वाटल्या. चित्राखाली कंपनीचं नाव. १९०१ मध्ये कारखान्यानं वर्षाला दहा लाख पिंपांचा टप्पा ओलांडला. म्हणजे साधारण पावणेबारा कोटी लिटर.

दारूबंदीची चाहूल

पैसा आला तसा थाटही आला. सेंट लुईसला वाडा, कॅलिफोर्नियात मोठी बाग, जर्मनीत पत्नीच्या नावानं बांधलेला बंगला. मुलं तेरा.

पण अमेरिकेत दारूबंदीची चळवळ जोर धरत होती. गावोगावच्या बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. दारूपायी घरं मोडतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गुत्त्यांचं जाळं पसरवण्यात अडॉल्फस यांच्यासारख्या कारखानदारांचा मोठा वाटा होता. अडॉल्फस यांनी बंदीच्या विरोधात पैसा आणि वजन दोन्ही वापरलं. बिअर म्हणजे हलकं, सभ्य पेय, असं ते पटवत राहिले. देशाला काही ते पटलं नाही.

बंदी पाहायला ते राहिले नाहीत. १० ऑक्टोबर १९१३ रोजी जर्मनीतल्या त्या बंगल्यावर त्यांचं निधन झालं. वय ७४. पार्थिव जहाजानं अमेरिकेत आणलं गेलं आणि सेंट लुईसमध्येच त्यांना मूठमाती दिली गेली. जन्मगाव जर्मनीत, माती मात्र सेंट लुईसची.

१९२० मध्ये देशभर बंदी आली ती १९३३ पर्यंत. शेकडो कारखाने कायमचे बंद पडले. अडॉल्फस यांचे चिरंजीव ऑगस्ट यांनी यीस्ट, आइस्क्रीम, मक्याचा पाक, बिनदारूचं पेय, जे जमेल ते विकून कारखाना जगवला. बंदी उठली तेव्हा उंचपुऱ्या क्लाइड्सडेल घोड्यांच्या गाडीतून बिअरची मिरवणूक निघाली. तेच घोडे पुढं कंपनीची ओळख बनले. १९५७ मध्ये अनहायझर-बुश अमेरिकेतली सगळ्यात मोठी बिअर कंपनी झाली. २००८ पर्यंत त्या देशात खपणाऱ्या बिअरपैकी जवळपास निम्मी या एकाच कंपनीची होती.

मग गेलं कसं?

कारखाना तोट्यात नव्हता. माल खपत होता. तरी मालकी गेली. कारण साधं आहे, पण नीट समजून घेण्यासारखं.

सहकारी संस्थेत सभासदाकडे शेअर दहा असोत की शंभर, मत एकच. कंपनीत तसं नसतं. एका शेअरला एक मत. अडॉल्फस यांच्या हयातीत बहुतेक शेअर घरातच होते. मग पिढ्या वाढल्या, वाटण्या झाल्या, शेअर बाजारात गेले. वावराचे गुंठे पडत गेले की सातबाऱ्यावर जशी नावं वाढतात, तसंच. २००८ मध्ये बुश घराण्याकडं चार टक्क्यांहूनही कमी शेअर उरले होते. वॉरन बफे यांच्या कंपनीकडं त्यापेक्षा जास्त होते. पाटी बुश यांची, खुर्चीवर अडॉल्फस यांचे खापरपणतू, पण मालक भलतेच.

इनबेव्ह ही बेल्जियम आणि ब्राझीलच्या दोन कंपन्या मिळून २००४ मध्ये झालेली कंपनी. तिनं ११ जून २००८ रोजी शेअरला ६५ डॉलरची बोली लावली. अनहायझर-बुशचा शेअर त्याआधी पन्नाशीच्या आसपास घुटमळत होता. संचालकांनी आधी नकार दिला. राज्याचे गव्हर्नर विरोधात बोलले, लोकांनी सह्यांची मोहीम काढली. पण सह्या करणाऱ्यांकडं मतं नव्हती, शेअरवाल्यांकडं होती. शिवाय संचालक टप्प्याटप्प्यानं निवडायची जुनी पद्धत कंपनीनं २००६ मध्ये बंद केली होती. त्यामुळं सगळं मंडळ एका झटक्यात बदलता येण्यासारखं होतं आणि इनबेव्हनं नेमका तोच डाव टाकला. घराण्यातही एकी नव्हती, काही जणांनी विक्रीची बाजू उघडपणे घेतली. बोली ७० डॉलरवर गेली आणि विषय संपला. १८ नोव्हेंबर २००८ रोजी सौदा पूर्ण झाला.

शेअर धरून बसलेल्यांना चांगला भाव मिळाला. कामगारांच्या वाट्याला वेगळंच आलं. डिसेंबर उजाडताच कंपनीनं सुमारे १,४०० जागा कमी करायचं जाहीर केलं. त्यातल्या बहुतेक सेंट लुईसच्या. ज्या शहरानं हा कारखाना पिढ्यान् पिढ्या आपला मानला, त्या शहराला या सौद्यात मत नव्हतं.

सेंट लुईसचा कारखाना आजही चालू आहे. घोडे आहेत, बडवायझर आहे, नव्या कंपनीच्या नावात अनहायझर आणि बुश ही दोन्ही नावंही आहेत. मुख्यालय मात्र बेल्जियममधल्या लूव्हेन गावात आहे. अडॉल्फस बुश ज्या ब्रसेल्समध्ये शिकले, तिथून ते गाव अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर आहे.