न्यायमूर्ती छागला आणि हेगचे न्यायासन

मोहम्मद करीम छागला यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत झाला. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर त्यांनी जिनांच्या हाताखाली वकिलीचे धडे गिरवले. पण जिनांचे राजकारण धर्माच्या वाटेने वळताच त्यांची साथ सोडली. १९४७ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले.

१९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा व नगरहवेली मुक्त केली. दमणहून तेथे जाणारी वाट भारतीय प्रदेशातून होती आणि भारताने ती रोखली होती. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळताच पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मार्गहक्काचा दावा लावला. पक्षकार देशाचा न्यायाधीश पीठावर नसल्यास त्याला या खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमता येतो. भारताने छागला यांना नेमले, पोर्तुगालनेही आपला न्यायाधीश पाठवला.

नेमणूक देशाची, शपथ मात्र निःपक्षपातीपणाची, अशी ही अवघड जागा होती. १९५७ मध्ये न्यायालयाने भारताचे बहुतेक प्राथमिक आक्षेप फेटाळले, तेव्हा छागला यांनी भिन्न मत नोंदवले.

अंतिम निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. पेशवाईतील १७७९ च्या तहाने पोर्तुगिजांना सार्वभौमत्व नव्हे, केवळ महसुलाचा हक्क मिळाला, असे न्यायालयाने ठरवले. मात्र केवळ दोन देशांमधील दीर्घकाळच्या वहिवाटीतूनही कायदा निर्माण होऊ शकतो, हे तत्त्व त्याने मान्य केले. त्यानुसार नागरिक, मुलकी अधिकारी व सामान्य मालाला वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रांना नव्हता. भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, असाही निर्णय झाला. स्थानिक वहिवाटीचे हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग बनले.

दोन्ही देशांनी नेमलेल्या न्यायाधीशांनी या निकालाला आपापली भिन्नमतपत्रिका जोडली. अशा नेमणुकांविषयी शंका घेणाऱ्यांना यात आधार सापडतो. मात्र भिन्न मत कारणांसह नोंदवता येते आणि निकालाबरोबरच छापले जाते, त्यामुळे ते पारखण्याची संधी पुढच्या पिढ्यांना मिळते.

छागला यांची पुढची वाटचालही हे मत पारखताना विचारात घ्यावी लागते. उच्च शिक्षणातील भाषाधोरण पटले नाही, म्हणून १९६७ मध्ये त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडले. आणीबाणीलाही उघड विरोध केला. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारशी मतभेद झाल्यावर पद सोडणाऱ्या माणसाचे हेगमधील मत केवळ देशाच्या सोयीचे होते, असे म्हणणे कठीण आहे.