शेवटचे गव्हर्नर जनरल आणि आपला शेजार

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहायला बसलो आणि आधी आठवली ती शिवमंदिराची जत्रा. महाशिवरात्रीला सारे अंबरनाथ फुलून जायचे. शेजारच्या उल्हासनगरच्या कॅम्पातली सिंधी मुलेही यायची. त्यांतली दोघे आपल्याच वर्गात होती. आपण त्यांना निर्वासित म्हणून चिडवायचो. त्यात मीही होतो. पुढे राजाजींचे चरित्र वाचले आणि त्या चिडवण्याची लाज वाटली. म्हणून आज त्यांच्याविषयीच लिहितो.

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचा जन्म १० डिसेंबर १८७८ रोजी तमिळ मुलखातल्या थोरपल्ली गावी झाला. सेलमला वकिली उत्तम चालली होती. ती सोडून ते गांधीजींच्या असहकार चळवळीत उतरले आणि वेल्लोरच्या तुरुंगात गेले. १९३० साली त्यांनी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत पायी जाऊन मिठाचा कायदा मोडला. पुन्हा तुरुंग! १९४२ च्या चले जावला मात्र त्यांचा विरोध होता. न पटलेली गोष्ट ते गांधीजींनाही स्पष्ट सांगत.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण नवी राज्यघटना येईपर्यंत इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज हेच नावापुरते आपले राजे होते. गव्हर्नर जनरल हा त्यांचा प्रतिनिधी. नोव्हेंबर १९४७ मध्ये माउंटबॅटन राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाला गेले, तेव्हा पश्चिम बंगालचे राज्यपाल असलेल्या राजाजींनी काही दिवस ते पद सांभाळले. माउंटबॅटन कायमचे परतल्यावर २१ जून १९४८ रोजी दिल्लीत राजाजींनी गव्हर्नर जनरलपदाची शपथ घेतली. ज्या राजाच्या नावाने त्यांना तुरुंगात टाकले होते, त्याच राजाचे प्रतिनिधी म्हणून ते व्हाइसरॉयच्या वाड्यात राहायला गेले. एवढ्या प्रचंड वास्तूत त्यांनी स्वतःसाठी मोजक्याच खोल्या घेतल्या.

याच पदावर असताना ते आपल्या दाराशी आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून घरदार सोडून आलेली सुमारे लाखभर माणसे राहत होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींनी तिथे नव्या शहराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर झाले. छावणीला गावाचे नाव मिळाले. निर्वासितांना पत्ता मिळाला. आपण पोरे मात्र पुढे कितीतरी वर्षे त्यांना कॅम्पवालेच म्हणत राहिलो.

२६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाची घोषणा राजाजींनीच वाचली. त्याबरोबर त्यांचे पदही संपले. त्या पदावर बसलेले ते पहिले आणि शेवटचे भारतीय. एवढे मोठे पद भूषवल्यावरही १९५२ साली ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९५४ मध्ये भारतरत्न मिळाले. २५ डिसेंबर १९७२ रोजी ते गेले.

आपल्या शिवमंदिरावर शके ९८२ चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मम्वाणीचे नाव त्यात आहे. त्या दगडाचा आपल्याला फार अभिमान! शेजारच्या कोनशिलेकडे मात्र शाळेत असताना आपले कधी लक्ष गेले नाही. ते दोघे मित्र मेळाव्याला येणार आहेत, असे कळले. या वेळी त्यांना घेऊन आधी ती कोनशिला पाहायची आणि मग शिवमंदिरात जायचे, असे मी ठरवले आहे. माफीही तिथेच मागेन.