सिंदखेडच्या जिजाऊ



जालन्याहून मेहकरकडे जाताना सिंदखेड राजा लागते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव दर वर्षी १२ जानेवारीला माणसांनी फुलून जाते. एरवी मात्र एसटी जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजाजवळून निघून जाते आणि खिडकीतून पाहणाऱ्यांपैकी फार थोडे खाली उतरतात. शाळेच्या पुस्तकात जिजाऊ आपल्याला भेटतात त्या शिवाजी महाराजांच्या आई म्हणून. ते योग्यच आहे. पण त्या कुणाच्या लेक, कुणाच्या बहीण, त्यांच्या माहेरच्या माणसांचे पुढे काय झाले, हे त्याच जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यालाही सहसा सांगता येत नाही. म्हणून या रविवारी आम्ही त्यांचे चरित्र माहेरच्या बाजूने सांगायचे ठरवले आहे.

सिंदखेडचे जाधव आपले मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. यादवांचे राज्य १३१८ च्या सुमारास संपले, आणि जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव पुढे आले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मधला अडीचशेहून अधिक वर्षांचा पूल वंशावळीच्या आधारावर उभा आहे. वंशावळ म्हणजे घराण्याने जपलेली आठवण. तिच्याकडे आदराने पाहावे, पण डोळे उघडे ठेवून. लखुजींपासून पुढे मात्र पायाखाली पक्की जमीन लागते. ते सिंदखेडचे देशमुख आणि अहमदनगरच्या निजामशाहीतले मोठे सरदार होते. त्यांच्या वाड्याचा दरवाजा, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव हे सारे आजही पाहता येते. आम्हाला स्वतःला वाड्यापेक्षा तलाव अधिक बोलके वाटतात. आपल्या या कोरडवाहू मुलखात माणसे वसवायची तर आधी पाणी अडवावे लागते. तलवारीने गाव ताब्यात येईल, पण ते नांदते राहते ते पाण्यावर.

घराण्याचा माग कसा काढतात, हे इथे थोडे सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून हजारो कुटुंबे ऑस्ट्रेलियात शेती आणि मेंढपाळी करायला गेली. त्यांचे वंशज आज मोठ्या हौसेने आपले मूळ शोधतात. जहाजांवरच्या उतारूंच्या याद्या, जमिनीचे दस्तऐवज, चर्चमधील बाप्तिस्म्याची आणि विवाहाची रजिस्टरे ही त्यांची साधने. (ज्या जमिनीवर ही कुटुंबे वसली, तिथे हजारो वर्षे राहणाऱ्या आदिवासींची नावे त्या दस्तऐवजांत शोधून सापडत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.) आपल्याकडे भाटांच्या वह्या आहेत, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडच्या नामावळ्या आहेत, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर झालेल्या जमीन मोजणीचे कागद आहेत. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारल्या आहेत, त्यांना कोतवाल बुकाची नक्कल म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. आपल्या चर्चचे बाप्तिस्म्याचे रजिस्टरही त्याच कामी येते.

या सगळ्या कागदांत, तिकडच्या काय आणि इकडच्या काय, एक खिंडार सारखेच आहे. मुलगी लग्न होऊन गेली की तिचा माग सुटतो. आडनाव बदलते, गाव बदलते, आपल्याकडे तर कधी कधी नावही बदलते. वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी रेघ सरळ खाली उतरत जाते आणि लेकी रेघेबाहेर राहतात. नाताळच्या आधल्या आठवड्यात मिस्सेत मत्तयाच्या शुभवर्तमानातील वंशावळ वाचली जाते, तेव्हा बाके कुरकुरायला लागतात, हे वेदीवरून आम्हाला चांगले ऐकू येते. पण त्या लांबलचक यादीत पवित्र मरियेच्या आधी तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी अशा चार स्त्रिया मुद्दाम घेतल्या आहेत. जिजाऊ या आपल्याकडच्या अशाच एक अपवाद आहेत. त्यांच्यामुळे आपल्याला माहेर आणि सासर दोन्हींचा माग एकत्र काढता येतो, आणि तो काढताना अंगावर काटा येतो.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा मानला जातो. आईचे नाव म्हाळसाबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच त्यांचे लग्न वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजी यांच्याशी झाले. भोसले हे मुळात गावचे पाटील. वेरूळबरोबरच भीमेकाठच्या हिंगणी बेरडी आणि देऊळगाव या गावांशीही त्या घराण्याचा संबंध सांगितला जातो. हे देऊळगाव म्हणजे आपले देऊळगाव राजा नव्हे. मूळ गाव शोधणाऱ्यांची अशा सारख्या नावांनी हमखास फसगत होते.

लग्नाने दोन घराणी जोडली गेली, पण जुळली नाहीत. निजामशाहीच्या दरबारातून सरदार परतत असताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि गर्दीत घुसला. त्याला आवरताना जाधव आणि भोसले आमनेसामने आले. त्या चकमकीत जिजाऊंचे भाऊ दत्ताजी मारले गेले. चिडलेल्या लखुजींनी शहाजींचे चुलतभाऊ संभाजी यांना ठार केले आणि शहाजीही जखमी झाले. कारण काय, तर एक हत्ती. आपल्या गावांत बांधावरून आणि वरातीच्या वाटेवरून पिढ्यान्पिढ्या चालणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. जिजाऊंच्या बाजूने पाहिले तर मेलेला एक सख्खा भाऊ होता, दुसरा दीर होता, आणि घाव घालणाऱ्यांत स्वतःचे वडील होते. सुतक कोणत्या घरचे पाळायचे?

पुढचा आघात याहून मोठा होता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी आणि रघोजी आणि नातू यशवंतराव यांची दगा देऊन हत्या करण्यात आली. मुजऱ्यासाठी बोलावून नि:शस्त्र माणसांवर हत्यारे चालवली गेली. एका दिवसात जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा गेले. त्या वेळी त्या गरोदर होत्या. उरलेले जाधव मोगलांकडे गेले. शहाजींनीही निजामशाही सोडली. चहूकडे फौजा फिरत असताना जिजाऊ शिवनेरीवर राहिल्या आणि तिथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. बाळंतपणाला लेक माहेरी जाते, ही आपली रीत. या लेकीला जायला माहेरच उरले नव्हते.

त्याच वर्षी विजापूरच्या मुरार जगदेवाने शहाजींच्या जहागिरीतले पुणे जाळून उद्ध्वस्त केले. तिथे गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली. ही जागा पुन्हा वसू नये, असा त्याचा अर्थ. लगोलग १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला. माणसे परागंदा झाली, शेतात रान माजले. १६३६ नंतर शहाजी विजापूरच्या चाकरीत कर्नाटकात गेले, आणि पुढे काही वर्षांनी जिजाऊ लहानग्या शिवाजीसह या ओसाड पुण्यात राहायला आल्या.

इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे, कारण जिजाऊंच्या चरित्रातला हा भाग सोन्याच्या नांगराच्या एका चित्रात गुंडाळून टाकला जातो. शापित जमिनीवर बाळराजांच्या हस्ते सोन्याचा फाळ लावून नांगर फिरवला, अशी आठवण सांगतात. लोकांच्या मनातली भीती काढायला त्याचा उपयोग झालाच असेल. पण खरी मेहनत त्यानंतरची. पळून गेलेल्या कुळांना परत आणायचे तर त्यांना कौल द्यावा लागे, म्हणजे जुन्या बाकीसाठी धरणार नाही, त्रास देणार नाही असे अभय. पडीक जमीन मोडणाऱ्याला इस्ताव्याने जमीन मिळे. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग जमीन सुधारेल तसा दर वर्षी थोडा थोडा वाढत जाणारा. शेतात लांडगे फिरत, त्यांना मारणाऱ्याला इनाम ठेवले होते. राहायला लाल महाल बांधला गेला. कसब्यात गणपतीचे देऊळ उभे राहिले.

कारभार दादोजी कोंडदेव पाहत, आणि यात कुणाचे किती श्रेय यावर अलीकडे वाद होतात. त्या वादात आम्ही पडत नाही. एवढे मात्र म्हणावेसे वाटते की जळालेल्या गावात शेतकरी केवळ कौलाच्या कागदावर विश्वासून परतत नाही. मालक स्वतः बायकामुलांसह तिथे राहतो की नाही, हे तो आधी पाहतो. उद्या पुन्हा फौज आली तर पहिला धोका कुणाला, हे त्याला कळते. जिजाऊ आपल्या मुलाला घेऊन तिथे राहिल्या, हाच त्या कुळांना दिलेला सर्वात मोठा कौल होता. वडिलांच्या सिंदखेडात पाण्याच्या आधाराने वसलेले गाव त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्या पाहण्याचा पुण्यात उपयोग झाला असेल, असे आम्ही मानतो.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. थोरले पुत्र संभाजी कनकगिरीच्या लढाईत मारले गेले. जानेवारी १६६४ मध्ये शहाजी कर्नाटकात घोड्यावरून पडून वारले. जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या, मुलाने त्यांना परोपरीने विनवून थांबवले. १६६६ मध्ये महाराज आग्र्यास गेले, तेव्हा मागे राज्याचा भार त्यांनी वाहिला. वतनाच्या तंट्यांत लोक त्यांच्याकडे दाद मागत. ६ जून १६७४ रोजी त्यांनी रायगडावर मुलाचा राज्याभिषेक पाहिला आणि १७ जून रोजी गडाच्या पायथ्याशी पाचाडला देह ठेवला. त्यांची समाधी तिथेच आहे.

आणि माहेर? अचलोजींच्या शाखेत धनाजी जाधव झाले. औरंगजेबाच्या फौजांना जेरीस आणणारे मराठ्यांचे हे सेनापती १७०८ मध्ये वारले. घराण्याची दुसरी शाखा सिंदखेडातच राहिली. १७५७ मध्ये निजामाच्या बाजूचे रामचंद्र जाधवराव याच सिंदखेडात मराठ्यांच्या वेढ्यात सापडले होते. म्हणजे जिजाऊंच्या मुलाने उभे केलेल्या राज्याची फौज त्यांच्याच माहेराला वेढा घालून बसली होती. कागदावर एका रेघेत बसणारी घराणी प्रत्यक्षात अशी फाटत जातात.

देऊळगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा या आपल्या परिसरातल्या गावांच्या नावांमागचे राजा म्हणजे हेच जाधव. यांतल्या कुठल्या तरी गावात आपल्यापैकी अनेकांचे नातलग असतील. लखुजींची भव्य दगडी समाधी सिंदखेडला आहे. एसटीतून उतरून तिथवर चालत जाता येते.